सूर्यग्रहण, दृष्टिरक्षण आणि मोटारप्रवास

प्रास्ताविक

सूर्यग्रहण जवळ आले की आपल्या चिकित्सालयांत आणि औषधी दुकानांत ठराविक प्रश्न येऊ लागतात. वेधात औषध घ्यावे का, गर्भिणीने काय पाळावे, मधुमेही रुग्णाने उपवास करावा का? डोळ्यांविषयी मात्र ग्रहणापूर्वी फारसे कोणी विचारत नाही. तो प्रश्न दुसऱ्या दिवशी येतो आणि तेव्हा आपल्या हाती फार थोडे उरलेले असते. ग्रहणदर्शनाने होणाऱ्या नेत्रोपघाताविषयी शास्त्रकारांनी काय सांगितले आहे, आधुनिक नेत्रविज्ञान काय सांगते आणि वाहन चालविणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत वैद्याने व औषधविक्रेत्याने काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत. उदाहरणासाठी मुळशी तालुका घेतला आहे. त्याचे कारण तेथील रस्त्याच्या दिशेत आहे.

मुळशीचा रस्ता आणि ग्रहणाची वेळ

पुण्याहून चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट, पौड असा मुळशी धरणाकडे जाणारा व पुढे ताम्हिणी घाटातून कोकणात उतरणारा रस्ता सर्वसाधारणपणे पूर्व-पश्चिम आहे. सकाळी पुण्याकडे येणाऱ्या आणि सायंकाळी पश्चिमेकडे जाणाऱ्या चालकाच्या दृष्टीसमोर बराच वेळ सूर्य असतो.

आता अलीकडची ग्रहणे पाहावीत. २६ डिसेंबर २०१९ चे ग्रहण केरळ व तामिळनाडूच्या काही भागांत कंकणाकृती, तर आपल्याकडे खंडग्रास दिसले. पुणे परिसरात ते सकाळी आठच्या सुमारास सुरू होऊन अकराच्या सुमारास सुटले. त्या वेळी पौडकडून पुण्याला कामावर निघालेल्या चालकांच्या समोर ग्रस्त सूर्य होता. २५ ऑक्टोबर २०२२ चे खंडग्रास ग्रहण दिवाळीत, लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्या मधल्या दिवशी आले. पावणेपाचनंतर स्पर्श झाला आणि सूर्य ग्रस्त स्थितीतच मावळला. सुट्टीसाठी मुळशी-ताम्हिणीकडे निघालेल्या वाहनांना या वेळी तो पश्चिमेस, समोर व खाली होता. या दोहोंच्या मधले, २१ जून २०२० चे ग्रहण मात्र दुपारच्या सुमारास, सूर्य उंच असताना झाले.

यापुढे २ ऑगस्ट २०२७ रोजी, आषाढ अमावास्येस, पश्चिम भारतातून दुपारनंतर खंडग्रास ग्रहण दिसणार आहे. म्हणजे पुन्हा पश्चिमेकडे उतरणारा सूर्य आणि त्यात पावसाळी ढग. ढगांमुळे सूर्यबिंब सौम्य भासते, पाहणारा नजर स्थिर करतो आणि क्षणात ढग सरतो. ग्रहण दिसणारच नाही असे गृहीत धरून बेफिकीर राहू नये, हे आपल्या रुग्णांना आधीच सांगितले पाहिजे.

ग्रंथोक्त विचार

अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात दिनचर्याध्यायात वाग्भटाचार्यांनी सूर्याकडे कोणत्याही प्रकारे पाहू नये, असा स्पष्ट निषेध केला आहे. तेजस्वी वस्तूंकडे सतत पाहण्याचाही तेथे निषेध आहे. नेत्र हे तेजोमय इंद्रिय असले आणि आलोचक पित्ताचे स्थान असले, तरी अतितेजाचा संयोग हा चक्षुरिंद्रियाचा अतियोगच होय आणि तो व्याधीस कारण होतो.

उत्तरस्थानातील दृष्टिरोगविज्ञानीय अध्यायातील औपसर्गिक लिंगनाशाचे वर्णन तर प्रत्येक वैद्याने ग्रहणापूर्वी पुन्हा वाचावे असे आहे. अद्भुत रूप, देदीप्यमान वस्तू किंवा सूर्यादिक एकाएकी पाहिल्याने नेत्राश्रित वातादी दोष तेजाचे शोषण करून दर्शनशक्ती हरण करतात, असा त्याचा आशय आहे. आमच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत ती पुढील लक्षणे. हा नेत्र वैडूर्यवर्णी, प्रकृतिस्थ असल्यासारखा आणि व्यथारहित असतो. म्हणजे डोळा बाहेरून निरोगी दिसतो, दुखत नाही, तरी दृष्टी गेलेली असते. सुश्रुताचार्यांनीही बाह्य कारणांनी होणाऱ्या लिंगनाशात अनिमित्त प्रकार सांगून त्यात डोळा निर्मळ दिसतो असे नोंदविले आहे. वाग्भटांनी कफज लिंगनाश वगळता इतर लिंगनाश चिकित्सेच्या दृष्टीने वर्ज्य ठरविले आहेत, हेही लक्षात ठेवावे.

त्यानंतरच्या तिमिरप्रतिषेध अध्यायात सूर्यग्रहण, अग्नी, वीज इत्यादी पाहण्याने उपहत झालेल्या दृष्टीसाठी स्निग्ध व शीत असे संतर्पण आणि तुपात उगाळलेल्या सुवर्णाचे अंजन सांगितले आहे. लगेच पुढे, जगण्याची इच्छा असेपर्यंत माणसाने नेत्ररक्षणासाठी सदैव यत्न करावा, असा उपदेश येतो. चिकित्सेचा एक उल्लेख करून लागलीच रक्षणावर भर देण्याचा हा क्रम आम्हांस फार बोलका वाटतो.

आधुनिक नेत्रविज्ञानाचे मत

सूर्याकडे थेट पाहिल्याने दृष्टिपटलाच्या मध्यभागी, जेथे सर्वांत सूक्ष्म दर्शन होते तेथे, प्रकाशरासायनिक स्वरूपाची इजा होते. दृष्टिपटलात वेदनावाहक तंतू नसल्याने त्या क्षणी काहीच दुखत नाही. लक्षणे काही तासांनी, पुष्कळदा दुसऱ्या दिवशी सकाळी जाणवतात. नजरेच्या मधोमध काळा वा धूसर ठिपका, सरळ रेषा वाकड्या दिसणे, रंग फिके वा बदललेले दिसणे, वाचताना मधले अक्षर गळणे ही ती लक्षणे होत. बहुधा दोन्ही डोळे बाधित होतात. वाग्भटांचा व्यथारहित आणि प्रकृतिस्थासारखा दिसणारा नेत्र तो हाच.

ग्रहणातच हा धोका का वाढतो, हा प्रश्न रुग्ण नेहमी विचारतात. ग्रहणात सूर्यकिरण अधिक विषारी होत नाहीत. नेहमीच्या सूर्याकडे आपण पाहू शकत नाही, डोळे आपोआप मिटतात. ग्रहणात एकूण प्रकाश कमी झाल्याने हे मिटणे मंदावते, बाहुली विस्फारते आणि कुतूहलामुळे नजर टिकते. सूर्याचा जेवढा भाग उघडा आहे तेवढ्याची प्रखरता मात्र पूर्वीइतकीच असते. आपल्याकडील खंडग्रास ग्रहणात तर उघड्या डोळ्यांनी पाहण्यास सुरक्षित असा एकही क्षण नसतो.

मुले व तरुण यांच्या डोळ्यांतील भिंग अधिक स्वच्छ असल्याने त्यांना धोका अधिक असतो. २०१९ च्या ग्रहणानंतर जयपूर येथील सवाई मानसिंह रुग्णालयात दृष्टिपटलाला इजा झालेले सुमारे पंधरा रुग्ण आल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले होते. त्यांत बहुतांश मुले व तरुणच होते. आपल्या व्यवसायाशी संबंधित आणखी एक गोष्ट म्हणजे बाकुची. श्वित्रासाठी बाकुचीचे कल्प घेणाऱ्या रुग्णांत प्रकाशसंवेदनशीलता वाढते. अशा रुग्णांची यादी काढून त्यांना ग्रहणापूर्वी स्वतंत्र सूचना द्यावी.

काच, पाणी आणि गाळणी

ग्रहणदर्शनासाठीच्या चष्म्यांना आयएसओ १२३१२-२ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार काचेतून दृश्य प्रकाशाचा ०.००३२ टक्क्यांहून अधिक, म्हणजे सुमारे तीस हजारांत एका भागाहून अधिक अंश आत येता कामा नये. हा आकडा मनात धरून प्रचलित उपायांकडे पाहावे.

मोटारीच्या काचांतून, मोटार वाहन नियमांनुसार, पुढे किमान ७० टक्के व बाजूंनी किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. म्हणून 'गाडीची काच काळसर आहे, आतून पाहिले तर चालते' हा समज साफ चुकीचा आहे. काळ्या गॉगलमधूनही साधारणतः दहा-वीस टक्के प्रकाश आत येतो. क्ष-किरण फिल्म, जुन्या छायाचित्रांच्या रंगीत निगेटिव्ह, काजळी धरलेली काच आणि सीडी यांचाही भरवसा धरू नये.

परातीतील पाण्यात ग्रहण पाहण्याची रीत जुनी आहे. सूर्य माथ्यावर असताना पाणी सुमारे दोन टक्के प्रकाश परावर्तित करते. हे प्रमाण लहान वाटले तरी वरील मर्यादेच्या सहाशे पटींहून अधिक आहे. सूर्य खाली असताना ते कितीतरी वाढते. मुळशी जलाशयाच्या काठावरून सायंकाळी पाण्यातील प्रतिबिंब पाहणे हे प्रत्यक्ष सूर्य पाहण्याइतकेच टाळावे.

सुरक्षित उपाय साधा आहे. पुठ्ठ्याला बारीक छिद्र पाडून, सूर्याकडे पाठ करून, त्यातून कागदावर पडणारी प्रतिमा पाहावी. सूर्य त्याच्या व्यासाच्या सुमारे १०८ पट दूर असल्याने एक मीटर अंतरावर ही प्रतिमा सुमारे नऊ मिलिमीटरची मिळते. वडाच्या सावलीत पानांच्या फटींतून जमिनीवर पडणारे कोरीच्या आकाराचे कवडसे हाही त्याचाच प्रकार असून ते मुलांना अवश्य दाखवावेत.

वाहनचालकाचा विशेष विचार

वरील १०८ या संख्येचा दुसरा अर्थ चालकासाठी गंभीर आहे. दृष्टीच्या मध्यभागी केवळ सूर्यबिंबाएवढा ठिपका निष्प्रभ झाला, तरी १०८ मीटरवरील एक मीटर रुंदीची वस्तू त्यात झाकली जाते. रस्ता ओलांडणारे मूल किंवा समोरून येणारा दुचाकीस्वार एवढ्यात मावतो. ताशी साठ किलोमीटर वेगाने मोटार एका सेकंदात सुमारे सतरा मीटर जाते, म्हणजे हे अंतर साडेसहा सेकंदांत संपते. कायमची इजा झाली नसली तरी सूर्याकडे क्षणभर पाहिल्यावर नजरेसमोर तरंगणारा डाग काही काळ हाच परिणाम करतो.

म्हणून चालक रुग्णांना पुढील सूचना द्याव्यात:

१. ग्रहणकाळात सूर्य समोर व खाली येणार असेल तर त्या दिशेचा प्रवास पुढे ढकलावा. २०२२ मध्ये हा सारा काळ सुमारे सव्वा तासाचा होता. तेवढे थांबणे अवघड नाही.

२. ग्रहणाचा चष्मा लावून वाहन कदापि चालवू नये. त्यातून सूर्याखेरीज काहीही दिसत नाही.

३. पाहायचेच असेल तर वाहन रस्त्याच्या बाहेर, मोकळ्या वाहनतळावर उभे करावे. घाटाच्या वळणावर, पुलावर किंवा रस्त्याच्या कडेला थांबू नये. इतर चालकांचे लक्षही त्या वेळी आकाशाकडे असू शकते.

४. पाहून झाल्यावर नजरेपुढील डाग पूर्ण जाईपर्यंत चाक हाती घेऊ नये. प्रत्येक डोळा स्वतंत्र झाकून पाटीवरील अक्षरे वाचून खात्री करावी.

५. पुढील काच आतून व बाहेरून स्वच्छ पुसलेली असावी. काचेवरील धूळ खालच्या सूर्यात पांढरी भिंत होऊन उभी राहते.

६. सहप्रवाशांनी चालकाला 'ते पाहा' असे म्हणू नये. मुलांना गाडीच्या काचेतून पाहू देऊ नये.

उपवास, वेध आणि औषधे

धार्मिक आचार पाळावा की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. वैद्य म्हणून आपला संबंध त्याच्या शरीरपरिणामांशी आहे. सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी लागतात असे मानले जाते, परंतु बालक, वृद्ध, आजारी व गर्भिणी यांना पंचांगकर्तेही सवलत देतात. ही सवलत रुग्णांना आपण आवर्जून सांगावी.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलेल्या व्यक्तीने वाहन चालविणे अत्यंत धोक्याचे आहे. घाम, कंप, गोंधळ आणि मूर्च्छा ही लक्षणे घाटात चाक हाती असताना उद्भवली तर परिणाम सांगावयास नको. अशा रुग्णाने आहार घ्यावा. उपवासाचा आग्रह असेल तर औषधाच्या मात्रेविषयी आधी विचारावे आणि त्या दिवशी वाहन चालवू नये. गर्भिणीस ग्रहणात पाणी पिऊ न देणे व मूत्रवेग अडविण्यास लावणे हेही आपल्या शास्त्राच्या विरुद्ध आहे. वेगधारणाचे दोष चरकाचार्यांनी स्वतंत्र अध्यायात सांगितले आहेत.

ग्रहणानंतर आलेला रुग्ण

समजा, पिरंगुटहून ताम्हिणीमार्गे माणगावकडे माल नेणारा टेम्पोचालक ग्रहणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्याकडे आला. 'डोळ्यांपुढे डाग दिसतो, उन्हाचा त्रास झाला असेल, थंडाव्याचे काहीतरी द्या' एवढेच तो म्हणतो. नेत्र आरक्त नाही, स्राव नाही, वेदना नाही. अशा वेळी पित्तशामक औषध व गुलाबजल देऊन त्याला परत पाठविण्याचा मोह होतो आणि तो लगेच पुन्हा चाकावर बसतो. वाग्भटांचे लक्षण येथेच आठवावे. डोळा प्रकृतिस्थ दिसतो, म्हणून तो प्रकृतिस्थ आहे असे नव्हे.

प्रथम प्रश्न विचारावा: काल सूर्याकडे पाहिले का, किती वेळ, कशातून? नंतर एकेक डोळा झाकून बारीक छपाई वाचावयास द्यावी. शाळेच्या गणिताच्या चौकटीच्या वहीचे पान घेऊन मध्ये एक ठळक बिंदू काढावा, ते सुमारे तीस सेंटीमीटरवर धरून बिंदूवर नजर स्थिर करण्यास सांगावे. वाचनाचा चष्मा असल्यास तो लावलेला असावा. रेषा वाकलेल्या, तुटलेल्या वा नाहीशा दिसत असतील, तर त्याच दिवशी दृष्टिपटल तपासणाऱ्या नेत्रतज्ज्ञाकडे चिठ्ठी देऊन पाठवावे. आवश्यकतेनुसार ते ओसीटी ही तपासणी करतील. तोपर्यंत वाहन चालवू नये, हे चिठ्ठीवर लिहावे आणि सोबत आलेल्या नातेवाइकासही सांगावे. चालकाचे पोट चाकावर असते, म्हणून ही सूचना त्याला कठीण वाटते. तरीही ती नि:संदिग्ध शब्दांत दिली पाहिजे.

निदान होण्यापूर्वी नेत्रात अंजन, मध, आश्च्योतन यांपैकी काहीही घालू नये. घरी उगाळलेले सुवर्णांजन तर मुळीच सुचवू नये. आज निर्जंतुकतेचा विचार त्यात अनिवार्य आहे. निदान निश्चित झाल्यावर व नेत्रतज्ज्ञाच्या संमतीने शीत-स्निग्ध उपक्रम, योग्य घृताचे तर्पण, पोटात त्रिफला किंवा जीवनीय द्रव्यसिद्ध घृत असा विचार अग्निबलानुसार करता येईल. तर्पणानंतर तेजस्वी वस्तू पाहू नयेत असे शास्त्रवचन आहेच. त्या दिवशी वाहन चालविण्याचा प्रश्नच येत नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. या व्याधीवर निश्चित गुण देणारी चिकित्सा आधुनिक वैद्यकातही सिद्ध झालेली नाही. पुष्कळ रुग्णांत काही आठवडे ते काही महिन्यांत आपोआप सुधारणा होते, काहींत डाग कायम राहतो. म्हणून सुधारणेचे श्रेय सर्वस्वी आपल्या औषधास देऊ नये आणि 'पूर्ण बरे करू' असे आश्वासनही देऊ नये.

औषधविक्रेत्यांसाठी

ग्राहक प्रथम आपल्या दुकानात येतो, हे लक्षात घेऊन काही पथ्ये पाळावीत. उत्पादकाचे नाव, पत्ता व आयएसओ १२३१२-२ हा उल्लेख नसलेले ग्रहणचष्मे ठेवू नयेत. केवळ छापील उल्लेखावरही विसंबू नये. माल विश्वासू घाऊक विक्रेत्याकडूनच घ्यावा. चरा पडलेला, सुरकुतलेला चष्मा विकू नये. तो लावून दुकानातील वस्तू वा साधा दिवा दिसत असेल तर तो निरुपयोगी समजावा. ग्रहणापूर्वी थेंब घातले की डोळे सुरक्षित राहतात, अशा समजुतीने कोणी नेत्रबिंदू मागितला तर तसे होत नाही हे स्पष्ट सांगावे. ग्रहणानंतरच्या दोन-तीन दिवसांत डोळ्यांपुढे डाग असल्याची तक्रार घेऊन येणाऱ्यास थेंब न देता वैद्याकडे पाठवावे.

दुकानाच्या दर्शनी भागी पुढील मजकुराचा फलक लावता येईल:

'सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी, गॉगलमधून, क्ष-किरण फिल्ममधून, पाण्यात किंवा गाडीच्या काचेतून पाहू नका. डोळा दुखत नाही, तरी इजा होते. वाहन चालविताना ग्रहण पाहू नका. मधुमेहाचे औषध घेऊन उपाशी राहू नका. ग्रहणानंतर डोळ्यांपुढे डाग दिसल्यास वाहन चालवू नका, त्याच दिवशी डोळे तपासून घ्या.'

समारोप

ग्रहणजन्य नेत्रोपघातात चिकित्सेपेक्षा प्रतिबंधाचे बळ कितीतरी मोठे आहे. आचार्यांनी सूर्यदर्शनाचा निषेध दिनचर्येत केला आणि त्याचा परिणाम दृष्टिरोगांत सांगितला. या दोन अध्यायांमधले अंतर रुग्णाला तोडावे लागू नये, हेच आपले काम आहे. २०२७ च्या ग्रहणापूर्वी किमान पंधरा दिवस आपल्या सभासदांनी फलक लावावेत, शाळांतून व रिक्षा-टेम्पोचालकांच्या थांब्यांवर दहा-दहा मिनिटे बोलावे आणि बाकुचीचे कल्प घेणाऱ्या तसेच मधुमेही रुग्णांना वैयक्तिक निरोप द्यावेत, अशी आमची सर्व वैद्यबंधू-भगिनींना आणि औषधविक्रेत्यांना विनंती आहे.